भोक पाडलेलं फायबरचं लॅमिनेट: ताकद नक्की किती कमी होते? (माझे आकडे आणि एक कोडं)

तंतूवेडी
नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. मी पुण्यात एम.टेक. करतेय आणि प्रोजेक्ट आहे काचेच्या फायबरच्या लॅमिनेटला (रेझिनने चिकटवलेल्या थरांच्या प्लेटला) भोक पाडलं की त्याची ओढ सहन करायची ताकद किती उरते ह्यावर. ई-ग्लासचं एकाच दिशेचं कापड, एलवाय ५५६ रेझिन, एचवाय ९५१ हार्डनर (वजनाने १०० ला १०), व्हॅक्युम बॅगखाली बनवलंय. ८ थर आहेत, तंतूंचे ओढीच्या दिशेशी कोन अंशांत ४५, ०, वजा ४५, ९० आणि पुढचे चार त्याच्याच उलट क्रमाने, जाडी साधारण २.४ मिमी.

बिनभोकाच्या पट्ट्या एएसटीएम डी ३०३९ ह्या टेस्टच्या स्टँडर्डने ओढल्या, सरासरी ताकद आली ३१० एमपीए (मेगापास्कल, पुढचे ताकदीचे आकडे ह्यातच). मग डी ५७६६ प्रमाणे ३६ मिमी रुंद पट्टीत मधोमध ६ मिमीचं भोक, त्याला आली १७६. आता गंमत वाटली नाही, भीतीच वाटली, कारण भोकामुळे रुंदीचा सहावा भाग गेला म्हणजे साध्या हिशोबाने २५८ यायला हवं होतं आणि पुस्तकातला भोकाच्या कडेचा तिप्पट ताण धरला तर १०३. माझं उत्तर दोन्हीकडे बसत नाहीये.

पुढे अजून एक. रुंदी आणि भोक ह्यांचं प्रमाण ६ च ठेवून मी १८ मिमी पट्टीत ३ चं भोक आणि ५४ मिमी पट्टीत ९ चं भोक पण केलं. ३ ला आली २२२, ९ ला १५१. प्रमाण तेच असताना आकडा का बदलतो?

आणि खरं कोडं शेवटी. ६ मिमीच्या पाच पट्ट्या मी घाईत बाहेरच्या एका वर्कशॉपमधून ड्रिल करून आणल्या, खाली काही आधार न ठेवता पाडलेली भोकं, मागच्या बाजूने थर सुटलेले डोळ्यांनी दिसतात. त्या पट्ट्यांची सरासरी १८९ आली! म्हणजे खराब भोक जास्त मजबूत? मला हे तसंच्या तसं रिपोर्टमध्ये लिहायची हिंमत होत नाहीये. कोणीतरी समजावा प्लीज.

जुना_टेस्टवाला
ताई, आधी एक सांगतो, तुमचे आकडे मला अजिबात विचित्र वाटत नाहीत. मी ३० वर्षांवर टेस्टिंग लॅबमध्ये काढली आणि भोकवाल्या पट्ट्या शेकड्यांनी तोडल्यात, ओढीत बिनभोकाच्या ५५ ते ६० टक्के ही अशा ले-अपला (थरांच्या रचनेला) अगदी नेहमीची गोष्ट आहे.

स्टीलची पट्टी असती तर भोकाच्या कडेला ताण वाढला की तिथलं स्टील यील्ड होतं, म्हणजे मऊ पडून शेजाऱ्याला भार देतं, त्यामुळे सावकाश ओढलेल्या नरम स्टीलला बहुतेक फक्त गेलेल्या रुंदीचाच तोटा होतो. काच किंवा कार्बनच्या तंतूला यील्ड माहीत नाही, तो सरळ तुटतो. पण तंतूच्या भोवतीचं रेझिन तडकतं, ० अंशाच्या थरात भोकाच्या दोन्ही कडांपासून ओढीच्या दिशेने उभ्या चिरा जातात, थरांच्या मध्ये थोडं सुटतं, आणि ह्या सगळ्यामुळे कडेवरचा ताण बोथट होतो. यील्डचं काम इथे ही छोटी छोटी मोडतोड करते, फक्त अर्धवट करते. म्हणून तुम्ही २५८ आणि १०३ च्या मध्ये कुठेतरी सापडता. टेस्ट चालू असताना कान दिलात का? तुटायच्या भाराच्या साधारण ६०-७० टक्क्यांपासून चरचर ऐकू येते, ती हीच.

दोन गोष्टी तपासा. सगळ्या पट्ट्या भोकातूनच तुटल्या का? ग्रिपमध्ये किंवा भोकापासून लांब तुटलेली पट्टी धरायची नाही, स्टँडर्डमध्ये स्पष्ट आहे. आणि दुसरं, ताकद काढताना क्षेत्रफळ पूर्ण ३६ रुंदीचं घेतलंय ना? डी ५७६६ मध्ये भोक वजा करायचं नसतं. हे मी मुद्दाम विचारतोय कारण नोकरीच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी मी भोक वजा करून ३० रुंदीवर आकडे काढून दिले होते, गिऱ्हाईकाचे आधीचे आकडे ३६ वर होते, आमचा माल त्यांना सरळ २० टक्के चांगला दिसला आणि त्यावर त्यांनी जाडी कमी करायची चर्चा सुरू केली. वेळेत लक्षात आलं म्हणून निभावलं. तेव्हापासून प्रत्येक रिपोर्टवर 'पूर्ण क्षेत्रफळावर' असं हाताने लिहायचो.

तंतूवेडी
काका, क्षेत्रफळ पूर्णच घेतलंय. सगळ्या भोकातूनच तुटल्या, एक सोडून, ती टॅबपाशी (टोकाला ग्रिपसाठी चिकटवलेल्या तुकड्यापाशी) गेली म्हणून बाद केली आणि त्याबदल्यात नवीन तोडली. स्पीड २ मिमी प्रति मिनिट. चरचर ऐकली हो, मला वाटलं ग्रिप घसरतेय!

गणिती
तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचंय, माझ्या आवडीचा विषय आहे.

कडेला तिप्पट ताण हे किर्श ह्यांचं १८९८ चं गणित. त्यात भोकाचा आकार येतच नाही, सुईएवढं भोक असो की ताटाएवढं, कडेवर तीनच. पण कडेपासून आत गेल्यावर ताण किती लवकर उतरतो ते मात्र भोकाच्या आकारावर ठरतं. कडेपासून फक्त १ मिमी आत बघा: ३ मिमीच्या भोकाला तिथे ताण उरतो सुमारे १.३७ पट, ६ मिमीला १.७६ पट, आणि ९ मिमीला जवळपास २ पट. म्हणजे मोठ्या भोकाभोवती जास्त माल जास्त ताणाखाली असतो. तुटायला एक बिंदू ताणला जाऊन भागत नाही, थोडा पट्टा ताणला जायला लागतो.

१९७४ साली व्हिटनी आणि न्युइस्मर ह्या दोघांनी नेमकं हेच पकडलं. ते म्हणाले की कडेवर बघू नका, कडेपासून ठराविक अंतरावर बघा, तिथला ताण बिनभोकाच्या ताकदीएवढा झाला की पट्टी गेली. ते अंतर त्या त्या लॅमिनेटसाठी टेस्टवरून काढायचं. मी तुमच्या ६ मिमीच्या १७६ वरून काढलं (मर्यादित रुंदीची सुमारे ३ टक्के दुरुस्ती धरून) तर आलं १.०८ मिमी. आता हेच अंतर धरून बाकी दोन भोकांचं भाकीत केलं तर ३ मिमीला २२४ आणि ९ मिमीला १५३. तुमचे आकडे २२२ आणि १५१! ताई, तुम्ही पट्ट्या फार नीट केल्या आहेत, हे मी मनापासून म्हणतोय.

एक सावधगिरी. हे १.०८ काही निसर्गाने दिलेला स्थिरांक नाहीये. थरांचा क्रम बदलला, जाडी बदलली, फार मोठी भोकं घेतली की ते सरकतं. आणि तीनपट ही गोष्ट सगळ्या दिशांना सारखा कडकपणा असलेल्या ले-अपची आहे जसा तुमचा आहे. लेखनित्स्की ह्यांचं सूत्र वापरून सगळे तंतू ओढीच्या दिशेला घातलेल्या कार्बनच्या पट्टीचं काढा, कडेवर जवळपास ७ पट येतं, काचेला साडेचार पावणेपाचच्या आसपास. उलट सगळे थर ४५ आणि वजा ४५ चे असतील तर कार्बनलाही २ च्या आसपासच. म्हणून विमानाच्या स्किनमध्ये भोकाच्या भागात ४५ चे थर मुद्दाम जास्त ठेवतात.

सीएनसी_भोसरी
मी भोसरीत फायबरचं ड्रिलिंग आणि राऊटिंग करतो, खराब भोकाबद्दल बोलतो. ड्रिल आत शिरताना वरचा थर वर खेचतं आणि बाहेर पडताना खालचे शेवटचे एक दोन थर ढकलून सोडवतं, कारण त्यांच्या खाली धरायला काही नसतं. जास्त नुकसान बाहेर पडतानाच होतं. उपाय एकदम सोपाय, खाली प्लायवूड किंवा हायलमची (कडक फिनोलिक शीटची) पट्टी घट्ट दाबून क्लॅम्प करायची, फीड (ड्रिल आत ढकलायचा वेग) कमी, आरपीएम जास्त, आणि कार्बाईडचंच ड्रिल, कारण काच एचएसएसची (हायस्पीड स्टीलची) धार बघता बघता खाते, १५-२० भोकांत ती गोल होते आणि मग ती कापत नाही, घासते आणि ढकलते. आमच्याकडे पोरं आधी म्हणायची की भोक तर गोल दिसतंय ना, झालं, पण धार गेलेल्या ड्रिलचं भोक वरून छानच दिसतं.

काचेचं लॅमिनेट आहे तर मोबाईलचा टॉर्च मागून मारा, सुटलेला भाग पांढरट कड्यासारखा दिसेल. त्या कड्याचा सगळ्यात मोठा व्यास भागिले भोकाचा व्यास हा आकडा लिहून ठेवा, प्रत्येक पट्टीचा. कार्बनला हे जमत नाही, प्रकाश आरपार जात नाही, तिथे अल्ट्रासॉनिक करायला लागतं.

आणि मास्क लावा हो, धुळीचा व्हॅक्युम भोकापाशीच लावा. खाज दोन दिवसांत जाते, फुप्फुसात गेलेली धूळ जात नाही.

तंतूवेडी
टॉर्चने बघितलं!! वर्कशॉपवाल्या पट्ट्यांना पांढरं कडं १० ते ११ मिमीपर्यंत आहे, म्हणजे गुणोत्तर १.७-१.८. कॉलेजमध्ये मी स्वतः पाडलेल्यांना ७ च्या आत. मग तरीही १८९ कसं?

बेळगावकरीण
मी बंगळूरला स्ट्रेस अ‍ॅनालिसिस करते, विमानाच्या भागांचं, म्हणून हा धागा सोडवेना. तंतूवेडी, तुझं १८९ खरं आहे आणि त्याची कारणं काकांनी वर अर्धी सांगितलीच आहेत. ओढीमध्ये भोकाभोवतीची चीर आणि थर सुटणं कडेवरचा ताण बोथट करतं. वर्कशॉपने ते काम टेस्टच्या आधीच करून दिलं. ह्याच कारणाने भोकवाली पट्टी आधी थकव्याच्या फेऱ्यांमध्ये (परत परत भार देऊन काढून) घातली आणि मग ओढली तर बऱ्याचदा उरलेली ताकद मूळपेक्षा जास्त भरते, हे कंपोझिटच्या (तंतू आणि रेझिनच्या मालाच्या) लोकांना चांगलं माहीत आहे, धातूवाल्यांना पटायला वेळ लागतो.

पण ह्याचा अर्थ खराब भोक चांगलं असा काढू नकोस, कृपा करून. तू फक्त ओढून बघितलंयस. दाबून बघ. दाबात ० अंशाचे तंतू बारीक काड्यांसारखे असतात, त्यांना वाकण्यापासून बाजूचं रेझिन आणि शेजारचे थर धरून ठेवतात. थर सुटला की तो एकटा पडतो आणि लवकर मुडपतो. जे ओढीत मदत करतं तेच दाबात घात करतं. दाबाची टेस्ट डी ६४८४, पट्टी ३०० बाय ३६, जाडी ३ ते ५, भोक तेच ६ मिमी, दोन्ही बाजूंनी आधार देणारं फिक्स्चर लागतं नाहीतर सगळी पट्टीच वाकेल. तुझं २.४ त्याला पुरणार नाही, १६ थर कर.

आता मला जे कळकळीने सांगायचंय ते. कॉलेजमध्ये बिनभोकाचा आकडा मिरवतात, कारण तो मोठा असतो. विमानाच्या डिझाईनमध्ये तो मोठा आकडा पॅनलच्या ताकदीसाठी फारसा कोणी वापरत नाही. आम्ही बघतो तो भोकवाला आकडा, तोही पाव इंच म्हणजे साधारण ६ मिमीच्या भोकाचा, अगदी जिथे भोक नाही तिथेसुद्धा. कारण विमानाच्या पंखावर कोणाचा पाना पडला, धावपट्टीवरून खडा उडाला, आत थर सुटले पण वरून काही दिसलं नाही, तर तेवढं नुकसान सोसून भाग टिकला पाहिजे, आणि उद्या दुरुस्तीला कोणी तिथे बोल्ट मारला तरी टिकला पाहिजे. आणि सरासरीही नाही वापरत, असा आकडा काढतात की ९० टक्के पट्ट्या त्याच्या वर असतील ह्याची ९५ टक्के खात्री हवी. त्यात परत हवामान. भोकवाली ओढ बहुतेक वेळा थंडीत वाईट, उणे ५४ अंशाला, आणि भोकवाला दाब गरम आणि ओल शोषलेल्या स्थितीत वाईट कारण रेझिन मऊ पडतं. अमेरिकेतल्या विचिटाच्या एनकॅम्पचे (कंपोझिटच्या टेस्टचे आकडे गोळा करणारी संस्था) असे सगळे रिपोर्ट फुकट उघडे आहेत, प्रत्येक पट्टीच्या आकड्यासकट, नक्की वाच.

२००१ साली न्यूयॉर्कला अमेरिकन एअरलाइन्सचं ५८७ पडलं तेव्हा एअरबस ए३०० ची उभी शेपटी तुटली, ती ज्या कंपोझिटच्या भोकवाल्या कानांवर बोल्टने बसवलेली होती तिथेच. तपासात तसेच कान परत लॅबमध्ये तोडून बघितले आणि निघालं ते असं की कान डिझाईनच्या अल्टिमेट भाराच्याही (डिझाईनमध्ये सोसायलाच हवा असा सगळ्यात मोठा भार) वर जाऊन तुटले होते, रडर (शेपटीचं हलणारं सुकाणू) ज्या तऱ्हेने डावीउजवीकडे मारला गेला त्याने भारच तेवढा आला. २६५ माणसं गेली. मी नोकरीला लागले तेव्हा हा रिपोर्ट सगळा वाचला, आणि भोकाची टेस्ट मला त्यानंतर कधी कंटाळवाणी वाटली नाही.

जुना_टेस्टवाला
बेळगावकरीण ताईंनी फार नीट सांगितलं. एकच भर, तुटण्याची तऱ्हा लिहून ठेवा आणि फोटो काढा. तुकडा सरळ आडवा तुटला, की ४५ च्या रेषेने तिरका गेला, की झाडूसारखा पिंजारला. ब्रिस्टल विद्यापीठात विस्नम आणि हॅलेट ह्यांच्या गटाने दाखवलंय की एकाच दिशेचे थर लागोपाठ रचून जाड गठ्ठा केला तर तुटायची तऱ्हाच बदलते, तंतू तुटण्याऐवजी थर सुटून पट्टी जाते, आणि थर विखुरले तर आकडा वेगळा. तेव्हा १६ थर करताना ४५-४५-०-० असं डबल करू नका, ८ चाच क्रम दोनदा लावा, नाहीतर तुलना बिघडेल.

दर्यावर्दी_मालवण
मी इंजिनिअर नाही, मालवणला फायबरच्या होड्या दुरुस्त करतो, बापाचा लाकडी होड्यांचा धंदा होता. आमच्याकडे पण हेच भोकाचं दुखणं आहे, दोर बांधायच्या खुंट्याचे बोल्ट जिथे मारतात तिथूनच तडा जातो. आणि दुसरं म्हणजे भोकातून पाणी आत शिरतं, दोन पावसाळ्यांनी आतला माल पांढरा आणि भुसभुशीत होतो. आम्ही मॅट वापरतो, कापलेल्या तंतूंची, तुम्ही वर म्हणताय तसलं कापड नाही. त्याला तुमचा हा हिशोब लागू होतो का? आणि भोक किती कडेला चालतं?

बेळगावकरीण
दादा, मॅटमध्ये तंतू सगळीकडे विस्कटलेले असतात, मुळातच माल कमजोर पण लहान भोकाने त्याला तेवढा फरक पडत नाही, आत आधीच भोकाएवढे कमीजास्त भाग असतात. तुमचा बोल्ट मात्र रिकामं भोक नाही, तो भोकाची कड दाबतो आणि कडेकडे ओढतो, ती टेस्ट वेगळी, डी ५९६१. साधा नियम असा धरा की बोल्टच्या मध्यापासून पॅनलची कड निदान व्यासाच्या तिप्पट लांब हवी, १० चा बोल्ट तर ३० मिमी, आणि दोन बोल्टमध्ये चार पाच पट. खाली मोठा जाड वॉशर किंवा पूर्ण पट्टीच. खुंट्याखाली मॅटऐवजी विणलेल्या कापडाचे दोन चार थर वाढवा, त्यातले काही ४५ मध्ये फिरवून.

सीएनसी_भोसरी
आणि भोक पाडल्यावर उघडी कड तशीच सोडू नका, ब्रशने रेझिन लावून वाळवा, मग सीलंट भरून बोल्ट घाला. तंतूंची टोकं दिव्याच्या वातीसारखी पाणी ओढतात.

तंतूवेडी
(साडेतीन आठवड्यांनी)
मंडळी, १६ थरांची प्लेट केली, जाडी ४.८ भरली, काकांच्या सांगण्याप्रमाणे क्रम दोनदा लावला. एका लॅबने फिक्स्चर वापरू दिलं. पाच पट्ट्या हायलम खाली ठेवून नव्या कार्बाईडने, पाच मुद्दाम आधार न ठेवता झिजलेल्या ड्रिलने.

दाबाचे आकडे: नीट भोकं सरासरी १६८, सगळ्या १६३ ते १७२ मध्ये. खराब भोकं सरासरी १४७, पण एक १३१ ला गेली आणि एक १६० ला. १३१ वाली तीच जिचं पांढरं कडं सगळ्यात मोठं होतं. बाहेर पडण्याच्या बाजूचा थर आधी फुगलेला दिसला, बाजूने व्हिडिओ घेतलाय, फुगला आणि मग एका क्षणात गेली.

आता रिपोर्टमध्ये ओढीचा १८९ आणि दाबाचा १४७ एकाच पानावर शेजारी शेजारी ठेवतेय, एक दाखवून दुसरा झाकायचा नाही हे ठरवलंय. गाईड सरांना व्हिडिओ दाखवला, ते दोनदा परत बघत होते.

जुना_टेस्टवाला
सरासरीपेक्षा तो १३१ जपून ठेवा. भाग तुटतो तो सगळ्यात कमजोर पट्टीवर.

दर्यावर्दी_मालवण
ताई, माझ्याकडे एका १२-१३ वर्षं समुद्रात काढलेल्या होडीच्या डेकचा कापलेला तुकडा पडून आहे, त्यात जुनी बोल्टची भोकं आहेत आणि भोकं नसलेली जागा पण आहे. फेकायचा होता. तुमच्या काही कामाचा आहे का?

तंतूवेडी
दादा, फेकू नका!! ३६ मिमी रुंद आणि ३०० लांब अशा पट्ट्या कापा, भोक बरोबर मधोमध येईल असं बघून, आणि तेवढ्याच बिनभोकाच्या, त्याच तुकड्यातून. जमतील तेवढ्या, दोन्हीच्या पाच पाच मिळाल्या तर फारच छान. भोकं कितीची आहेत ते मोजून कळवा, १० ची असतील तर रुंदी ६० घ्यायला लागेल. कापताना पाणी मारू नका आणि कापल्यावर लगेच प्लास्टिकमध्ये बंद करा, आत किती ओल आहे ते मला आधी वजन करून बघायचंय. पत्ता मेसेजमध्ये पाठवते.